चोरदरवाज्याच्या पायऱ्या

अण्णा, पाटी अजून तिथेच आहे. हे आधी सांगते, कारण तुम्ही पहिलं तेच विचारलं असतंत. प्रवास कसा झाला, नीट जेवलीस का, हे सगळं नंतर. परवाच परत आले. हेब्बाळच्या घरात तंबू बाल्कनीत वाळत टाकलाय, चपलांमधून अजून वाळू निघतेय आणि तीन आठवड्यांनी पहिल्यांदा धड खुर्चीवर बसून हे लिहितेय. तुम्हाला जाऊन आता दोन महिने होतील.

तुमचं पूर्ण नाव, जन्मगाव, नोकरी, नातवंडं हे सगळं तुमच्या धाकट्या भावाने समाजाच्या मासिकात छापून आणलंय. फोटोही आहे, कोट घातलेला. तो तुम्हाला मुळीच आवडला नसता. त्यात फक्त हेच नाही की निवृत्तीनंतरचे अकरा हिवाळे तुम्ही समुद्राकाठच्या एका जुन्या किल्ल्यात तंबू ठोकून राहिलात, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे यजमान म्हणून. मी अक्कांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "राहू दे की गं. सोयऱ्यांना काय सांगायचं, हिवाळा आला की आमचे हे परक्या लोकांना नळ आणि संडास दाखवायला जातात म्हणून?" आणि हसल्या. मग पदराने चष्मा पुसला.

ऑफिसात मला कुणी विचारलं की डिसेंबरात तीन आठवडे गायब कुठे असतेस, तर मी तुमचंच वाक्य वापरते: सरकारी जागा, आपला तंबू, पाहुणे लोकांचे. लोकांना काही कळत नाही. मग नीट सांगावं लागतं. किल्ल्याच्या तटाच्या आत एक मैदान आहे, तिथे तंबू लावायला परवानगी मिळते, आणि हंगामात एक-दोन स्वयंसेवक तिथेच मुक्काम करतात. आलेल्यांना जागा दाखवायची, भरती-ओहोटीच्या वेळा सांगायच्या, जांभ्याच्या भिंतीला खिळे ठोकू द्यायचे नाहीत, तटाला टेकून चूल पेटवू द्यायची नाही, आणि जाताना विसरलेले टॉवेल, चार्जर, एकदा तर अख्खी आजीबाई, सांभाळून ठेवायची. किल्ल्याचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव कळलं की गर्दी होते, हे तुमचंच म्हणणं.

आपली ओळख मल्लेश्वरममधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये झाली. स्वयंसेवकांचं प्रशिक्षण होतं आणि सगळं कन्नडमध्ये चाललं होतं. नागपूरहून इथे येऊन मला चार वर्षं झाली होती तरी माझं कन्नड भाजीवाल्यापलीकडे गेलं नव्हतं. घर, ऑफिस, घर याला कंटाळून मी नाव नोंदवलं होतं आणि पहिल्या अर्ध्या तासातच उठून जाण्याच्या बेतात होते. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून कुणीतरी हळू आवाजात मराठीत सांगायला लागलं, "आता ते सापाबद्दल सांगतायत. साप दिसला तर ओरडू नका म्हणतायत. स्वतः मात्र ओरडूनच सांगतायत."

मी विचारलं, "मी मराठी आहे हे कसं कळलं तुम्हाला?"

"खुर्ची सरकवताना 'अगं बाप्पा' म्हणालीस की. बेंगळुरात असं कोण म्हणतंय?"

चहाच्या वेळी तुम्ही आपलं घराणं सांगितलंत. तीन-चारशे वर्षांपासून इथलेच. "आमचे लोक घोड्यावर बसून आले," म्हणालात, "तुम्ही लोक लॅपटॉपवर बसून आलात. फरक स्वल्पच आहे." तुमचं मराठी ऐकताना मला आधी हसू यायचं. दोन वर्षांनी आई फोनवर म्हणाली, तू 'बरं' म्हणायचं सोडून 'सरी सरी' काय करतेस सारखी? तेव्हा तुम्हाला किती आनंद झाला होता.

तुम्ही मला जे शिकवलंत ते त्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत नव्हतं. दर वर्षी तंबूंच्या चेन दुरुस्त करायला आपण शिवाजीनगरला त्या रिक्षाची छतं शिवणाऱ्या म्हाताऱ्याकडे जायचो. तो तुम्हाला शिव्या द्यायचा, तुम्ही त्याला, आणि शेवटी दोघं एकाच बशीतला समोसा खायचात. पाहुणा आल्या आल्या नियम सांगायचा नाही, आधी पाणी विचारायचं, हे तुमचं. आणि पहिली खुंटी यजमानाने ठोकायची, हेही तुमचंच. कुणीही येवो, दहा जणांचं टोळकं असो की एकटी बाई, तुम्ही तुमचा लाकडी हातोडा घेऊन जायचात आणि त्यांच्या तंबूची पहिली खुंटी स्वतः जमिनीत घालायचात. बाकीच्या त्यांनी घालायच्या. मला ते आधी नाटकी वाटलं होतं. मग माझ्या लक्षात आलं की ज्याची खुंटी तुम्ही ठोकलीत तो माणूस नंतर तुमचं ऐकतो.

पण पायऱ्यांच्या बाबतीत खुंटी पुरत नव्हती.

पश्चिमेच्या तटात तो चोरदरवाजा आहे. वाकून बाहेर पडलं की खाली खडकांपर्यंत पायऱ्या. ओहोटीला तिथे जाऊन बसावं इतकं छान. भरती लागली की खालच्या निम्म्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि वरच्यांवर शेवाळ. आणि सूर्य बुडताना सगळ्यांना नेमकं तिथेच उतरून फोटो काढायचा असतो. दरवाज्याशी एक लाल अक्षरांची 'प्रवेश बंद' पाटी होती. तिच्यासमोर उभं राहून लोक फोटो काढायचे आणि मग खाली उतरायचे.

सकाळच्या ओहोटीला आपण दोघं पायऱ्यांवरचा कचरा उचलायला जायचो. तिथला आपला पहिला वाद, आणि तो कधी मिटला नाही. तुमच्या एकेचाळीस, माझ्या बेचाळीस. मी खालून मोजत यायची, तुम्ही वरून मोजत जायचात. "तुझ्या त्या सॉफ्टवेअरमध्ये एखादी जास्त धरतात काय?" असं म्हणायचात. मी चुका शोधण्याचा पगार घेते, अण्णा, सॉफ्टवेअर तपासणं हेच माझं काम, त्यामुळे मला ते फार लागायचं. रोज मोजायची आणि रोज बेचाळीसच यायच्या.

संध्याकाळी मात्र तिथे तुमचंच राज्य. सूर्य कलायला लागला की तुम्ही थर्मास घेऊन चोरदरवाज्यात, सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसायचात. लोक जमले की गोष्ट सुरू. गडावरचा नगारा वाजवणारा एक होता, तो होडीतून गेला तो परत आला नाही, आणि त्याची बायको गंगव्वा रोज याच पायरीवर येऊन बसायची. तेव्हापासून इथली रीत पडली. भरती लागली की या पायऱ्या कुणी उतरत नाही. वाट बघणाऱ्याच्या आणि समुद्राच्या मध्ये यायचं नसतं.

हे शेवटचं वाक्य तुम्ही कन्नडमध्ये, इंग्रजीत, हिंदीत आणि मराठीत, चारी भाषांत सारख्याच सुरात म्हणायचात. आणि लोक बसायचे. तगडी तगडी पोरं, हातात हजार भानगडींचे कॅमेरे, पण पायरीच्या वर गप्प बसून राहायची. कुणी उतरायचं नाही. पहिल्या वर्षी माझ्याही अंगावर काटा आला होता.

दुसऱ्या वर्षी गंगव्वाची गौरव्वा झाली.

मी वाट पाहिली. लोक पांगल्यावर विचारलं, "अण्णा, मागच्या वर्षी ती गंगव्वा होती ना?"

तुम्ही थर्मासचं झाकण लावत म्हणालात, "दोघी होत्या. मैत्रिणी."

मग मी शोध घेतला. तिथला रखवालदार मंजुनाथ, त्याची आई, बंदरावरच्या मासे विकणाऱ्या बायका, कुणालाच नगारेवाला ठाऊक नव्हता. किल्ल्यावर नगारखानाही नाही. परतीच्या गाडीत मी हे सगळं तुमच्यासमोर मांडलं तेव्हा तुम्ही शांतपणे शेंगा सोलत होतात. "होय की," म्हणालात. "मीच रचली. चांगली आहे ना?"

मला राग आला. आजही तो राग मला चुकीचा वाटत नाही, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? तो चारशे वर्षं जुना किल्ला आहे. तिथे खरी माणसं राहिली, खरी मेली, त्यांचं नावनिशाण नाही आणि आपण हवेतून एक गंगव्वा आणून बसवायची? तुम्ही म्हणालात, "असू दे की. कुणाचं नुकसान झालं?" मी म्हटलं, खऱ्याचं. तुम्ही म्हणालात, "खरं सोसेल. त्याला सवय आहे." आणि माझ्या हातात सोललेल्या शेंगा ठेवल्यात. यशवंतपूर येईपर्यंत मी त्या खाल्ल्या नाहीत. तुम्ही त्या परत मागून घेऊन खाल्ल्यात.

तिथवर वाद आपल्या दोघांतला होता, आणि तो आपल्याला आवडतही होता, हे कबूल करू या. पण मग मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात पुरातत्त्व खात्यातले एक साहेब सहकुटुंब राहून गेले. तुमची गोष्ट ऐकून बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. पुढच्या डिसेंबरात आपण पोचलो तर जुन्या लाल पाटीच्या जागी नवी, मोठी, चकचकीत पाटी. वर कन्नड, खाली इंग्रजी. 'या दुर्गाची प्राचीन प्रथा.' गंगव्वा, नगारा, समुद्र, सगळं. तुमचं वाक्य तर ठळक अक्षरांत.

तुम्ही खांद्यावरचा टॉवेल काढून पाटीवरची धूळ पुसलीत. मी पाहत होते. मला वाटलं, माणूस खूश झालाय.

ते तीन आठवडे मी तुमच्याशी कामापुरतं बोलले. बेंगळुरात आल्यावर मार्चमध्ये, मग पुन्हा जूनमध्ये, मी म्हटलं, खात्याला पत्र लिहा. कळवा की हे खरं नाही. तुम्ही दर वेळी 'सरी' म्हणायचात. सप्टेंबरच्या शेवटी आपण मल्लेश्वरममध्ये आठव्या क्रॉसजवळ डोसा खायला बसलो होतो. तंबूंच्या चेनचं ठरवायचं होतं. मी विचारलं, पत्र गेलं का? तुम्ही म्हणालात, "स्वल्प थांब की. घाई काय? चारशे वर्षं थांबलाय तो किल्ला."

मी म्हणाले, "काहून खोटं बोलता, अण्णा? तुम्हाला पत्र लिहायचंच नाहीये. तुम्हाला टाळ्या हव्या असतात. रोज संध्याकाळी दहा लोक तोंडाकडे बघत बसले की बरं वाटतं तुम्हाला. आता तर पाटीच लागली."

 हातातला डोशाचा तुकडा चटणीत बुडवलात आणि तसाच ताटात ठेवलात. मग म्हणालात, "सरी. लिहितो." बाहेर पडल्यावर मला मेट्रोपर्यंत सोडायला आलात, नेहमीसारखे. जिन्याशी म्हणालात, "बघून जा." मी हो म्हटलं, वळून पाहिलं नाही.

त्यानंतर पाच आठवडे मी फोन केला नाही. तुमचा येईल म्हणून थांबले. दोनदा तुमच्या घरावरून गेले, रिक्षा थांबवली नाही. मनात वाक्य तयार होतं, की अण्णा, मी टाळ्यांचं बोलले ते जास्तच झालं, पण पत्राचं मात्र मी बोलले ते बरोबर आहे. त्यातला 'पण' काढून फोन करावा की ठेवून, एवढ्यावर पाच आठवडे गेले. मग अक्कांचा फोन आला. सकाळची वेळ होती, मी डबा भरत होते. त्या म्हणाल्या, "वैशाली, हे गेले गं. झोपेतच." मी डब्याचं झाकण लावलं. का लावलं कोण जाणे.

तेराव्याला वैकुंठ समाराधना झाली. पंगती उठल्यावर अक्कांनी मला आत बोलावलं आणि एक लांब पाकीट दिलं. म्हणाल्या, तुझ्यासाठी ठेवलं होतं त्यांनी. माझं कन्नड वाचन तुम्हाला माहीतच आहे, अक्षर अक्षर लावत जाते. तेव्हा अक्कांनीच वाचून दाखवलं, आणि मराठीतही सांगितलं.

पत्र खात्याला होतं. एका पानाचं. त्यात लिहिलं होतं की पाटीवरची कथा व प्रथा मी स्वतः रचलेली असून तिला कोणताही आधार नाही. ही चूक माझ्या सहकारी वैशाली यांनी पहिल्यांदा दाखवून दिली. आणि मग पुढे, मी यजमान म्हणून गेलो त्या पहिल्या वर्षी बेंगळुरहून आलेल्या एका तरुणाला मी नियम वाचून दाखवला होता आणि त्याने त्याखाली सही केली होती. संध्याकाळी तो भरतीत पायऱ्या उतरला व घसरला. चौघांनी त्याला वर आणला. तो आता काठी घेऊन चालतो. त्याने केलेली सही माझ्याजवळ अजून आहे. तिचा काही उपयोग झाला नाही. म्हणून दुसऱ्या वर्षी मी गोष्ट सांगायला लागलो. त्यानंतर कुणी उतरले नाही. तरी विनंती की आधी या एकेचाळीस पायऱ्यांना वरपासून खालपर्यंत लोखंडी कठडा बसवावा, आणि मगच पाटी काढावी. उलट करू नये.

अक्का थांबल्या. मी विचारलं, हे त्यांनी मला कधीच का सांगितलं नाही? पाच वर्षं सोबत जात होतो आम्ही. अक्का म्हणाल्या, "नव्या माणसाला आधी पडलेल्याची गोष्ट सांगू नये म्हणायचे. मग राहूनच गेलं असेल. त्या मुलाला दर संक्रांतीला फोन करायचे हे. एळ्ळू-बेल्ला पाठवायचे घरी. तीळगूळ गं तुमचा." मग पाकीट माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "आणि हे वाच. हे मराठीत आहे."

वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने, तुमच्या त्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: वैशालीला दाखवून मग पाठवणे.

खाली तारीख होती. आपण डोसा खाल्ला त्याच्या चौथ्या दिवसाची.

म्हणजे पत्र चार दिवसांत तयार होतं, अण्णा. आणि तुम्ही माझ्या फोनची वाट बघत होतात, मी तुमच्या. मी चुकले. टाळ्यांचं बोलले ते साफ चुकले, त्यात 'पण' नाही. तुम्ही असताना हे बोलायला मला पाच आठवडे पुरले नाहीत. आता लिहायला एक ओळ पुरली. तुमचाही राग येतो मला. तुम्ही तरी एक फोन करायचा होतात. एरवी दूध नासलं तरी फोन करायचात.

यंदा जायचं नाही असं ठरवलं होतं. अक्का म्हणाल्या, "जा. नाही तर त्या पायरीवर कोण बसेल?" म्हणून गेले.  मंजुनाथने कोठीतून तुमचा लाकडी हातोडा आणून माझ्या हातात दिला, मुठीला नवं फडकं गुंडाळून. पहिल्या खुंट्या मीच ठोकल्या. चार वाकड्या गेल्या. विदर्भातल्या माणसाला वाळूत खुंटी ठोकता येत नाही हे तुमचं मत मी यंदा सिद्ध केलं.

संध्याकाळी थर्मास घेऊन वरच्या पायरीवर बसले. गोष्ट सांगितली नाही, सांगता येईना. पहिले काही दिवस निभावलं, कारण पाटी होती. लोक वाचायचे, बसायचे. पाटी काम करत होती, हे मला दिसत होतं, आणि पाकीट माझ्या पिशवीत होतं.

मग एक दिवस पुण्याचं एक जोडपं आलं. इथेच आयटीत, व्हाइटफील्डला राहणारं. त्याने पाटी वाचली आणि माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, कारण त्याने मला फोनवर आईशी बोलताना ऐकलं होतं.

"मॅडम, हे लेजंड जेन्युइन आहे का? नेटवर कुठेच मिळत नाहीये."

तुमच्या जागी बसले होते, अण्णा. तुमचा थर्मास होता. भरती लागली होती, खालच्या पायऱ्या दिसेनाशा होत होत्या. हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. मला ते जमलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "रचलेलं आहे."

"बघ, म्हटलं नव्हतं?" तो बायकोला म्हणाला. "फेक आहे. चल मग, दोन मिनिटांत फोटो काढून येऊ." आणि बूट काढायला लागला.

"कुणी रचलं ते विचारा की," मी म्हटलं. 'की' तुमचाच निघाला तोंडातून.

तो थांबला. मी सांगितलं. मल्लेश्वरमचे एक अण्णा होते. घड्याळाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी एका मुलाला नियम वाचून दाखवला, सही घेतली, आणि तो मुलगा इथून घसरला. मग पुढचे दहा हिवाळे, रोज संध्याकाळी, ते या पायरीवर येऊन बसले आणि एक खोटी गोष्ट सांगत राहिले, म्हणजे आणखी कुणी उतरू नये. बेंगळुरहून इथवर, स्वतःच्या हौसेने. गेल्या महिन्यात वारले. मी त्यांना म्हणाले होते की तुम्हाला टाळ्या हव्या असतात.

एवढं सगळं सांगायचं नव्हतं. येत गेलं.

तो एक बूट काढलेल्या अवस्थेत उभा होता. बायको माझ्या शेजारी बसली होती केव्हाचीच. ती म्हणाली, "अरे बस ना." तो बसला. जरा वेळाने म्हणाला, "मॅडम, ही गोष्ट लावा ना पाटीवर. ही बेटर आहे." मी थर्मासमधला चहा तिघांत वाटला. सूर्य बुडाला, पाणी चढलं, कुणी उतरलं नाही.

त्यानंतर उरलेले दिवस मी हीच गोष्ट सांगितली, कुणी विचारलं तर. तुम्ही हरलात असं मी म्हणत नाही. खऱ्यानेही काम होतं, एवढंच मला तुम्हाला दाखवायचं होतं. पण माझं खरं तुम्ही दहा वर्षं तिथे बसलात म्हणून तयार झालं, तेव्हा हा वाद कोणी जिंकला हे तुम्हीच सांगा. मला ऐकायला आवडलं असतं.

निघायच्या आदल्या सकाळी ओहोटी होती. पत्र तपासायचं राहिलं होतं. तुम्ही मला दाखवायला ठेवलं होतंत, नुसतं वाचायला नाही. मजकुरात चूक नव्हती. आकडा तेवढा पडताळायचा होता. म्हणून या वेळी खालून मोजायच्या ऐवजी तुमच्यासारखी वरून मोजायला गेले. तुमच्या जागेवर बसले, उठले आणि पाय खाली टाकत म्हटलं, एक. तळाला पोचले तेव्हा एकेचाळीस.

पुन्हा वर आले. पुन्हा बसले, पुन्हा उतरले. एकेचाळीस. तिसऱ्या वेळी कळलं. तुम्ही ज्या पायरीवर बसायचात ती तुम्ही कधी मोजलीच नाहीत.

तिथेच बसून खूप रडले, अण्णा. मंजुनाथ लांबून पाहून परत गेला.

काल मल्लेश्वरमला जाऊन अक्कांना सगळं सांगितलं. पत्राची स्वच्छ प्रत त्यांनीच काढली, अक्षर तुमच्यापेक्षा चांगलं आहे. तुमच्या मूळ पत्रासकट ती आज सकाळी रजिस्टर्ड डाकेने पाठवली. आधी कठडा, मग पाटी, हे तसंच ठेवलंय. एकच दुरुस्ती मी केली, कारण नाहीतर ते लोक कठडा एक पायरी सोडून बसवतील, आणि तीही नेमकी तीच.

बेचाळीस, अण्णा. बसायची धरून.